विद्येच्या दारावर कोणाचं नाव?

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या काठाने चालताना राजाबाई टॉवरकडे नजर गेली नाही असा माणूस विरळा. कुर्ल्याच्या पिवळसर दगडातला हा २८० फुटी मनोरा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने मुंबईत पाऊलही न ठेवता रेखाटला. मनोऱ्याखाली विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, शेजारी दीक्षान्त सभागृह. तिथल्या रंगीत काचांच्या खिडक्यांखाली बसून किती पिढ्यांनी टिपणं काढली असतील. ही राजाबाई कोण, हे त्यांतल्या थोड्यांनाच माहीत असेल.

१८६४ साली मुंबई विद्यापीठ सात वर्षांचं होतं आणि त्याला स्वतःची इमारत नव्हती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरच्या व्यापाऱ्याने सरकारला पत्र पाठवून विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आणखी दोन लाख दिले, घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. मनोऱ्याला आपल्या आईचं नाव असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचत नव्हता आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशावर मुंबईत कंपन्यांचं पीक आलं. शेअरबाजाराची नाडी प्रेमचंद यांच्या हातात होती. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं आणि जुलैत बाजार कोसळला. कंपन्या बुडाल्या, घरं बुडाली, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. बँकेच्या चौकशीत प्रेमचंद यांच्या व्यवहारांवर कठोर ठपका आला. ते स्वतः दिवाळखोर झाले.

विद्यापीठाला दिलेले चार लाख मात्र सुरक्षित होते. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ च्या नोव्हेंबरात मनोरा पूर्ण झाला. हजारो माणसांना देशोधडीला लावणाऱ्या सट्ट्याच्या काळातला हा पैसा होता, हे तेव्हाच्या मुंबईला पक्कं ठाऊक होतं. तरी राजाबाईचं नाव कोणी पुसलं नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांनी दगड झिजले, काचा तडकल्या, तेव्हा दुरुस्तीचा खर्च टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने उचलला आणि २०१५ मध्ये वास्तू पुन्हा उभी राहिली. नाव राजाबाईचंच राहिलं.

श्रीमंतांकडून देणगी मिळवण्यासाठी विद्यापीठांनी नाव देऊ करावं का, हा प्रश्न आज अमेरिकेपासून पवईपर्यंत विचारला जातो. तो आपल्याकडे नवा असल्यासारखं बोललं जातं, म्हणून ही जुनी हकिकत आधी सांगितली. मुंबईचं उच्च शिक्षण देणगीदारांच्या नावांवरच उभं आहे. राजाबाई टॉवरशेजारच्या दीक्षान्त सभागृहाला सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचं नाव आहे, कारण १८६३ मध्ये त्यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा सर जमशेदजी जीजीभाईंच्या नावाने ओळखली जातात. माटुंग्याला उतरलं की रुईया, पोदार आणि रुपारेल. या तीन कॉलेजांमागचं गणित मला फार महत्त्वाचं वाटतं. रुईया आणि पोदार चालवणारी शिक्षण प्रसारक मंडळी पुण्याची, रुपारेल चालवणारी मॉडर्न एज्युकेशन सोसायटीही पुण्याची. शिकवणारे आणि संस्था बांधणारे पुण्याकडून आले, पैसा मुंबईच्या मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांनी दिला आणि वर्गात परळ-लालबाग-गिरगावातली मुलं बसली. गिरणगावातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर याच कॉलेजांतून निघाला. पाटीवर रामनारायण रुईया लिहिलं म्हणून त्या मुलाचं शिक्षण उणं झालं नाही.

पण हे सगळे व्यवहार एकसारखे नव्हते. नावाबरोबर काय आलं, ते प्रत्येक ठिकाणी वेगळं होतं.

महर्षी कर्व्यांची गोष्ट घ्या. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांनी १९१६ मध्ये हिंगण्याला महिला विद्यापीठ काढलं. सरकारची मान्यता नव्हती आणि पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत नव्हती. शिक्षणाचं माध्यम मातृभाषा ठेवलेलं, त्यामुळे अनेक शिकलेल्या घरांनाही विश्वास नव्हता. कर्वे गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत होते. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली, आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव मिळालं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी भारतीय महिला विद्यापीठ, म्हणजे आजचं एसएनडीटी.

या देणगीचा तपशील मुळातून पाहावा असा आहे. पंधरा लाख रोख हाती पडले नाहीत. साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांवरचं व्याज, म्हणजे वर्षाला ५२,५०० रुपये, विद्यापीठाला मिळायचं होतं. मूळ रक्कम हाती येणं अटींवर अवलंबून होतं. विद्यापीठाचं ठाणं पुढे मुंबईला न्यायचं, हाही व्यवहाराचाच भाग होता. काही वर्षांत विठ्ठलदास वारले. पुढे त्यांच्या विश्वस्तांशी मतभेद झाले, काही काळ वार्षिक रक्कमच थांबली आणि तडजोड व्हायला वेळ लागला. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेलं. म्हणजे विद्यापीठाने नाव कायमचं दिलं, पण त्याबदल्यात येणारा पैसा मात्र वारसांच्या आणि विश्वस्तांच्या मनःस्थितीवर अवलंबून राहिला. आजही देणगीचे करार करणाऱ्या प्रत्येक कुलसचिवाने हे प्रकरण अभ्यासावं असं मला वाटतं.

तरी कर्व्यांनी तेव्हा हो म्हटलं ते योग्यच केलं. नाथीबाईंच्या नावाने मुलींच्या विद्यापीठाचा जीव वाचला. त्याच घरातल्या लेडी प्रेमलीला ठाकरसी पुढे या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. पैसा देऊन नाव लावणं आणि मग आयुष्य देऊन ते नाव सांभाळणं, असं एका घरात क्वचित घडतं.

परळच्या गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाची देणगी तर अटीमुळेच इतिहासात जमा झाली. केईएम रुग्णालयाशी जोडलेलं हे कॉलेज १९२६ मध्ये सुरू झालं. शेठ गोरधनदास यांच्या विश्वस्तांनी पैसे देताना अट घातली की इथे अध्यापक म्हणून भारतीयच नेमले जावेत. त्या काळी सरकारी वैद्यकीय कॉलेजांत वरच्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असत आणि गुणी भारतीय डॉक्टर सहायक म्हणूनच निवृत्त होत. डॉ. जीवराज मेहता या कॉलेजचे अधिष्ठाता झाले. देणगीदाराने संस्थेच्या कारभारात हात घालू नये, असं मी सहसा म्हणेन. या एका अटीबद्दल मात्र मी तसं म्हणणार नाही. ही अट विद्यार्थ्यांच्या आणि देशाच्या बाजूची होती, देणगीदाराच्या घरच्या फायद्याची नव्हती. कोणती अट मानावी आणि कोणती नाकारावी, याची कसोटी मला इथेच सापडते.

पुण्याकडे आलं की चित्र पालटतं. फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं. टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने त्याला गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं नाव दिलं. गव्हर्नरसाहेबांनी स्वतः दिले १,२०० रुपये. पण त्या नावामुळे संस्थानिकांचे खजिने उघडले आणि सरकारचा संशय थोडा निवळला. नाव विकून नव्हे, तर नावाचा आधार घेऊन पैसा उभा करण्याचा हा प्रकार होता. सोसायटीच्याच बीएमसीसी या कॉलेजला १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट या साखर कंपनीचं नाव मिळालं, तिच्या देणगीमुळे. आपल्याकडे कंपनीच्या नावाचं कॉलेज तेव्हापासून आहे.

आणि मग रावबहादूर रा. रा. काळे. साताऱ्याच्या या गृहस्थांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी संस्था उभी राहिली. त्यांना हवं असतं तर संस्थेला त्यांचंच नाव मिळालं असतं. संस्था झाली ती गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाची. काळ्यांचं नाव राहिलं ते दरवर्षीच्या व्याख्यानाला. २९ जानेवारी १९३९ रोजी त्याच काळे स्मृती व्याख्यानात डॉ. बाबासाहेब आंबेडकर संघराज्याच्या प्रश्नावर बोलले, आणि ते भाषण भारताच्या राज्यघटनेचा अभ्यास करणारा प्रत्येकजण आजही उघडतो. एखाद्या देणगीदाराच्या नावाला याहून मोठा मान कोणता मिळू शकतो, मला सांगता येणार नाही.

साताऱ्याचीच दुसरी हकिकत कर्मवीर भाऊराव पाटलांची. १९४७ मध्ये रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. तेव्हा एका धनिकाने कॉलेजचं नाव बदलण्याच्या अटीवर मोठी रक्कम देऊ केली, आणि एक वेळ बापाचं नाव बदलेन पण कॉलेजला दिलेलं महाराजांचं नाव बदलणार नाही, असं कर्मवीरांनी त्याला सुनावलं, असं रयतेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. हे बोलणारा माणूस पैशाला तुच्छ मानणारा नव्हता. त्याच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले होते. एकेका मूठभर धान्याची किंमत या घराला ठाऊक होती. सयाजीराव गायकवाडांनी मदत केली तेव्हा याच संस्थेने साताऱ्यातल्या हायस्कूलला महाराजा सयाजीरावांचं नाव आनंदाने दिलं. म्हणजे देणाऱ्याचं नाव लावायला कर्मवीरांची हरकत नव्हती. लोकांच्या मनातल्या नावावर दुसरं नाव चढवायला त्यांचा नकार होता.

हा फरक महाराष्ट्राला सगळ्यात महाग पडून समजला तो मराठवाड्यात. बाबासाहेबांनी आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कॉलेजांना सिद्धार्थ आणि मिलिंद ही नावं दिली होती. मिलिंदमुळे औरंगाबादला दलित मुलांच्या कैक पिढ्या शिकल्या. तिथल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं, असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची क्रूर हत्या झाली. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. मोर्चे, लाठ्या, तुरुंग हे सोळा वर्षं चाललं. १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी नांदेडला स्वतःला जाळून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या कमानीपाशी जनसागर लोटतो. त्यात विद्यापीठाच्या वर्गात कधीही न बसलेली म्हातारी माणसं असतात, हातात मेणबत्त्या आणि फुलं असतात.

ज्या राज्यात विद्यापीठाच्या नावासाठी माणसांनी जीव दिला, तिथे संपूर्ण विद्यापीठाचं नाव देणगीच्या दरपत्रकावर येऊच शकत नाही, असं माझं ठाम म्हणणं आहे. कायद्याचीही दिशा तीच आहे. सार्वजनिक विद्यापीठांची नावं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत आहेत आणि ती बदलायची तर विधिमंडळात जावं लागतं. सावित्रीबाई फुले, बहिणाबाई चौधरी, अहिल्यादेवी होळकर ही नावं तशीच आली. त्यांवर वाद झाले, राजकारण झालं, पण ते सर्वांसमोर झालं. व्यवस्थापन परिषदेच्या बंद खोलीत कोणी धनादेश लिहून ते ठरवलं नाही.

विद्यापीठाच्या आतल्या नावांचं काय, हा वेगळा प्रश्न आहे. इमारत, प्रयोगशाळा, शिष्यवृत्ती, अध्यासन. इथे मी मोकळेपणाने हो म्हणतो. काही अटी घालून.

गेल्या काही वर्षांत मोठे आकडे वाचायला मिळाले, ते बहुतेक आयआयटींचे. नंदन निलेकणी १९७३ मध्ये पवईला शिकायला आले. त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी जून २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. आधीचे धरून एकूण ४०० कोटी झाले. कानपूरच्या आयआयटीत राकेश गंगवाल यांच्या १०० कोटींनंतर वैद्यकीय शाळेला गंगवाल यांचं नाव लागलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बागची आणि पार्थसारथी या दोन कुटुंबांच्या ४२५ कोटींतून रुग्णालय उभं राहतं आहे, दोघांच्या नावाने. गंमत म्हणजे ही संस्था मुळात जमशेदजी टाटांच्या संपत्तीतून जन्मली. तिच्या नावात टाटा हा शब्द कुठेच नाही, आणि बंगळूरचे जुने लोक मात्र तिला अजून टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात.

मला सगळ्यात जास्त भिडल्या त्या मुंबईतल्याच दोन देणग्या. ऑगस्ट २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला हरित ऊर्जेच्या संशोधनासाठी १६० कोटी रुपये मिळाले, आणि देणाऱ्याने आपलं नाव जाहीर करू दिलं नाही. जून २०२५ मध्ये मुकेश अंबानी यांनी माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीला, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीला, १५१ कोटी दिले. कारण होतं त्यांचे गुरू प्रा. मनमोहन शर्मा यांचा गौरव, आणि देणगी विनाअट असल्याचं त्यांनी सांगितलं. श्रीमंत माणसाला नाव दिल्याशिवाय तो हात सैल सोडत नाही, असं जे गृहीत धरलं जातं ते सरसकट खरं नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे. हे आकडे पवई, कानपूर, बंगळूरला जातात. गोंडवाना विद्यापीठाचा एखादा विभाग, नांदेडची प्रयोगशाळा, कोकणातलं ग्रंथालय यांच्याकडे कोट्यधीश माजी विद्यार्थी नाहीत आणि त्यांच्या दारावर नाव लावायला कोणी रांगेत उभं नाही. नाव विकून पैसा उभा करायचं धोरण ठरलं तर ज्यांचं नाव आधीच मोठं आहे त्यांनाच पैसा मिळणार. राज्यातल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली तरुण मुलं तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात शिकवत आहेत. देणगीदार येतील आणि हे भरून काढतील, असं सरकारला वाटत असेल तर ती जबाबदारी झटकणं आहे.

हिशेब करून पाहा. प्राध्यापकाच्या पदाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे १,४४,२०० रुपयांपासून सुरू होतो. महागाई भत्ता आणि घरभाडं धरलं की वर्षाचा खर्च ३० लाखांच्या वर जातो. सहा टक्के व्याज धरलं तर एक अध्यासन कायम चालवायला पाच कोटींचा निधी हवा. पगार वाढत जातो, म्हणून व्याजातला काही भाग परत मुद्दलात टाकायचा तर त्याहून जास्त. आपल्याकडे काही लाखांत अध्यासनं जाहीर होतात, कुलगुरूंच्या हस्ते फलक लागतो, उद्‌घाटनाचं व्याख्यान होतं आणि पुढे खोलीला कुलूप लागतं. नाव राहतं, काम राहत नाही. अध्यासन या शब्दाला साजेसा निधी नसेल तर ते नाव देऊच नये, हा साधा नियम कुठल्याही विद्यापीठाला उद्या सकाळी करता येईल.

इमारतीचंही तेच. बांधायला देणगीदार मिळतो, कारण पाटी लागते. छत गळायला लागलं, लिफ्ट बंद पडली, स्वच्छतागृह तुंबलं की त्याला देणगीदार मिळत नाही. विभागांचं आयुष्यही माणसांना वाटतं तेवढं नसतं. पवईला कंवल रेखी यांच्या नावाने माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र शाळा निघाली, ती पुढे संगणकशास्त्र विभागात विलीन झाली, इमारतीला रेखींचं नाव राहिलं. यात कोणाचा दोष नाही, विद्या अशीच वळणं घेते. म्हणूनच नाव कायमचं देऊ नये. पंचवीस किंवा तीस वर्षांसाठी द्यावं. त्यानंतर त्याच कुटुंबाने पुन्हा दुरुस्तीचा भार उचलला तर नाव चालू ठेवावं, नाहीतर ते प्रवेशद्वारातल्या कृतज्ञतेच्या भिंतीवर हलवावं.

नाव कायमचं दिल्याने काय होतं, हे पश्चिमेने चांगलंच अनुभवलं आहे. अमेरिकेतलं येल विद्यापीठ एलिहू येल यांच्या नावाचं. हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीचे मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचे गव्हर्नर होते आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून त्या पदावरून गेले. त्यांनी पाठवलेल्या मालाच्या गाठी ५६२ पौंडांना विकल्या गेल्या. सोबत ४१७ पुस्तकं आणि राजाचं एक चित्र होतं. तेवढ्यावर १७१८ मध्ये न्यू हेवनच्या त्या छोट्या कॉलेजने त्यांचं नाव घेतलं. मद्रासमध्ये कमावलेला तो पैसा कसा होता, गुलामांच्या व्यापाराशी त्याचा किती संबंध होता, यावर तिथले विद्यार्थी आणि इतिहासकार आज तीनशे वर्षांनी बोलत आहेत.

सॅकलर कुटुंबाचं प्रकरण आपल्या डोळ्यांदेखतचं. ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामक औषधाच्या पैशावर या घराण्याचं नाव विद्यापीठांच्या आणि संग्रहालयांच्या दारांवर चढलं. त्या गोळ्यांच्या व्यसनाने अमेरिकेत माणसं मरू लागली. टफ्ट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना, उद्या जे त्याच व्यसनाचे रोगी तपासणार होते त्यांना, रोज त्या नावाखालून वर्गात जावं लागत होतं. २०१९ च्या डिसेंबरात टफ्ट्सने नाव उतरवलं, २०२३ मध्ये ऑक्सफर्डने. नाव काढायला धैर्य लागलं.

याच्या उलट विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेची गोष्ट. २००७ मध्ये तिच्या तेरा माजी विद्यार्थ्यांनी मिळून साडेआठ कोटी डॉलर दिले, आणि अट घातली की किमान वीस वर्षं शाळेला कोणाचंही नाव द्यायचं नाही. विस्कॉन्सिन हेच नाव राहू दे, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडच्या एखाद्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी असं काही करावं, असं ही हकिकत वाचल्यापासून मला सारखं वाटत राहिलं आहे.

महाराष्ट्रात आणखी एक प्रकार आहे आणि तो मला देणगीपेक्षा जास्त खुपतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तंत्रशिक्षणाची दारं उघडली. त्यातून खेड्यापाड्यांतल्या हजारो मुलांना इंजिनिअर होता आलं, हे खरंच. पण त्यानंतर निघालेल्या कितीतरी संस्थांच्या कमानीवर संस्थापकाच्या वडिलांचं, आईचं किंवा स्वतःचंच नाव झळकलं. जमीन शासनाची नाहीतर शेतकऱ्यांची, इमारत विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि त्यांच्या बापाने काढलेल्या कर्जातून उभी राहिलेली. प्रेमचंद रायचंद यांनी निदान चार लाख दिले होते. इथे काहीच न देता नाव लागलं. देणगीच्या नावांवर चर्चा करणाऱ्यांनी या पाट्यांकडे डोळेझाक करू नये.

कृतज्ञता आणि जाहिरात यांची रेषा कुठे काढायची, याचं उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी मिळतं. वस्तू आणि सेवा कराबाबत केंद्राने ११ ऑक्टोबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढलं. धर्मादाय संस्थेत देणगीदाराच्या नावाची पाटी लावली तर कर लागतो का, हा त्यात मुद्दा होता. उत्तर असं की पाटी आभारापुरती असेल आणि तिच्यातून देणाऱ्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल तर कर नाही. जाहिरात असेल तर ती सेवा, आणि सेवेवर कर. विद्यापीठांनी ही रेषा जशीच्या तशी उचलावी. माणसाचं नाव चालेल, त्याच्या आईचं चालेल, शिक्षकाचं तर फारच चालेल. मुंबईच्या भुयारी मेट्रोत आचार्य अत्रे चौक आणि सिद्धिविनायक या स्थानकांच्या नावांआधी वित्त कंपन्यांची नावं ऐकू येतात. मेट्रोला तिकिटाबाहेरचं उत्पन्न हवं, ते समजू शकतं. ग्रंथालयाच्या दारावर मात्र विम्याच्या किंवा म्युच्युअल फंडाच्या कंपनीचं नाव नको. त्या दारातून आत गेलेल्या मुलाला उद्या त्याच कंपनीच्या हिशेबांवर प्रबंध लिहायचा असू शकतो.

म्हणून माझा निर्णय असा. विद्यापीठाचं नाव विकाऊ नाही, कोणत्याही रकमेला. इमारतीला, प्रयोगशाळेला, शिष्यवृत्तीला नाव जरूर द्यावं, ठरावीक मुदतीसाठी, देखभालीचा निधी सोबत घेऊन. देणगीदाराला प्राध्यापकांच्या नेमणुकीत, अभ्यासक्रमात, प्रवेशात आणि संशोधनाच्या निष्कर्षांत बोलण्याचा हक्क नसावा. पैसा कसा आला याची चौकशी आधी व्हावी आणि पुढे काही गंभीर उघड झालं तर नाव काढण्याचा अधिकार करारातच लिहिलेला असावा. देणगी मिळाली म्हणून शासनाने एक रुपयाही अनुदान कमी करू नये. आणि हे सगळे करार विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, मराठीत, कोणालाही वाचता येतील असे असावेत.

हे शेवटचं काम वाचकांनाही सुरू करता येईल. सार्वजनिक विद्यापीठं आणि अनुदानित कॉलेजं माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येतात. तुम्ही जिथे शिकलात तिथल्या कोणत्या इमारतीला कोणाचं नाव कोणत्या करारानुसार लागलं, किती पैसे कबूल झाले आणि किती आले, हे विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. आणि जमेल त्याने आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयासाठी यंदा काही रक्कम पाठवावी, पावती घ्यावी आणि पाटी मागू नये.